खोली रिकामी आहे

सोमवार, २ फेब्रुवारी

राकेशभाऊ म्हणले, रोज या कॉम्प्युटरवर चार ओळी लिहीत जा, बोटं बसतील. काय लिहायचं ते मात्र सांगितलं नाय. म्हणून जे घडलं तेच लिहिते.

तर मला नोकरी लागली! द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये, आडगाव सोडलं की निफाडकडं जाणाऱ्या रस्त्याला. आन बाकीच्या बायांसारखं टेबलाशी उभं राहून घड छाटायचे नाय, तर खुर्चीवर बसायचं. खुर्ची फिरती हाय. कुणी नव्हतं तेव्हा एक गिरकी घेऊन बघितली. आमच्या पेठकडं पाड्यावर खुर्ची म्हणजे मास्तरची. मी आठवीपर्यंत त्या खुर्चीसमोर फरशीवर बसले आन मग शाळा सुटलीच. पण मोबाइलवर मराठी लिहायला मला लय पटपट येतं. तेवढ्यावर राकेशभाऊंनी घेतलं. ते इथले मॅनेजर.

काम सोपं हाय. कोणत्या शेतकऱ्याचा माल आला, किती पेट्या भरल्या, कोणती गाडी सुटली, हे सगळं कॉम्प्युटरवर चॅटच्या गटात टाकायचं. मोबाइल आत आणू देत नाय, राकेशभाऊ सोडून सगळ्यांचे गेटवर पेटीत ठेवून घेतात. परदेशात माल घेणाऱ्या मालवाल्यांचा नियम. म्हणून बायांचा, मालाचा जो काही निरोप जायचा तो माझ्याच हातून.

माझ्या खोलीला लागून खोक्यांची खोली हाय. पुठ्ठ्याची खोकी पार छतापर्यंत. संध्याकाळी आत डोकावायचं, कुणी नाय ना ते बघायचं आन गटात टाकायचं: खोली रिकामी आहे. कुलूप लावा. मग राकेशभाऊ येऊन शटर ओढतात. आज माझा पहिला निरोप तोच होता. नोकरीचं नवऱ्याला, सोमाला सांगितलं तेव्हा म्हणला, आता तू सायबीण झाली, चहा कोण करंल? मी म्हणले, तूच कर. आन केला की त्यानं!

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज लय लाज गेली.

हा कॉम्प्युटर दुकानात मिळतो तसला नाय. याच्यात लिनक्स घातलंय, फुकटातलं. चालतो चांगला, पण चॅटच्या खिडकीत मराठी उमटत नाय, नुसते चौकोन येतात. म्हणून बाजूच्या कोऱ्या पानावर लिहायचं, ते कॉपी मारून उचलायचं आन चॅटमध्ये नेऊन चिकटवायचं. माझा एकेक शब्द असा उचलूनच न्यावा लागतो.

सकाळी सोमाला निरोप टाकला होता की आमच्या पोरीला, कस्तूला जुलाब झालेत, घरमालकीण अक्काबाईला भाताची पेज द्यायला सांग. दुपारी गाडीच्या पेट्यांचा आकडा उचलला, मोठ्या गटात चिकटवला आन पाठवला. बघते तर पेट्यांच्या जागी कस्तूचे जुलाब! तेही ड्रायव्हर, शेतकरी, कोल्ड स्टोरेजवाले, सगळ्यांसमोर. एक ड्रायव्हर लिहितो, ताई, पेज गाडीत भरू का कोल्डमध्ये ठेवू? हॉलमध्ये नवसाबाई हसून हसून खाली बसली. ही बाई छाटणीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी. म्हणली, पोरीचे जुलाब पार परदेशात एक्सपोर्ट केले ग बाई.

राकेशभाऊ रागावले नाय. म्हणले, हे या चॅटचं जुनं दुखणं हाय. नवं उचललं तरी जुनंच चिकटतं, कधी कधी. इथली रीत अशी की दोनदा उचलायचं, आधी कोऱ्यात टाकून बघायचं आन मगच गटात टाकायचं. सगळे असंच करतात. मी म्हणले, नीट का करून घेत नाय? तर म्हणले, मनोजला विचार.

मनोज कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. त्यानं इंटरनेटवर एक पान दाखवलं. हे चॅट बनवणाऱ्यांकडं जगभरच्या लोकांनी तक्रार केलेली, कित्येक वर्षांची. दरवर्षी कुणीतरी विचारतं, झालं का? ते म्हणतात, बघतो. खाली नवा माणूस लिहितो, माझ्याकडंही तसंच. मनोज वाचून दाखवत हसत होता. मग एक ओळ वाचली आन म्हणला, ही बघा येडी. कुठल्यातरी देशातल्या बाईनं लिहिलंय, जे चिकटलं ते मी कधी लिहिलंच नव्हतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काम जमलं. दोनदा उचलते, कोऱ्यात बघते, मग टाकते. हाताला सवय झाली. घरी पोळी लाटताना सुद्धा एकेक गोष्ट दोनदा उचलते, सोमा हसतो.

एकच घोर लागलाय. अक्काबाई जाणार. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागं त्यांच्या घरात आमची भाड्याची खोली. कस्तू दिवसभर त्यांच्याकडं असते, अडीच वर्षांची पोर, त्यांच्या मागं मागं फिरते. आता त्यांच्या लेकीचं बाळंतपण, त्या मालेगावला चालल्या. सोमा सिन्नरच्या कंपनीत, ठेकेदाराकडं, सुट्टी मागितली की दुसरा माणूस उभा करतात.

इथं लेकरू आणायला सक्त मनाई हाय. गेटवर पाटीच लावली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

हे लिहू का नको. लिहिते. हे पान कोण वाचतंय.

अक्काबाई मालेगावला गेल्या, काल कस्तूला इथं आणलं. कॉम्प्युटर चालू करायला मी सगळ्यांच्या आधी येते, एसटीनं. मागच्या फाटकानं आत आले, पोर पदराखाली. खोक्यांच्या खोलीत कोपऱ्यात पुठ्ठे अंथरले, माझी जुनी साडी टाकली. ती गप्प राहीना. मागं सर्दी झाली तेव्हाचं खोकल्याचं औषध पिशवीत होतं. ते पाजलं की ती झोपते, हे मला ठाऊक होतं.

एक झाकण पाजलं.

दिवसभर झोपली. मधून मधून जाऊन नाकाशी हात धरून बघत होते. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तिला बाहेर काढून मागच्या भिंतीआड ठेवलं, परत आले आन लिहिलं, खोली रिकामी आहे. कुलूप लावा. राकेशभाऊ म्हणले, मोहिनी, तुझं काम एकदम चोख हाय.

घरी सोमाला सांगितलं की शेजारीण सांभाळते. त्यानं शेजारणीसाठी पेढे आणले. ते पेढे मीच खाल्ले, मोरीत बसून.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज पेट्या उचलल्या, कोऱ्यात टाकल्या. उमटलं:

झाकण पाजलं. झोपलाय. कुणाला सांगू नका.

मला वाटलं मीच कधी सोमासाठी लिहिलं आन विसरले. पण मी सोमाला सांगितलेलंच नाय. आन मी झोपलाय का लिहीन? माझी पोरगी हाय.

पुसलं. दोनदा उचललं, पेट्या नीट गेल्या.

मनोज आला होता, त्याला आडून विचारलं. की उचललेलं किती दिवस आत राहतं? म्हणला, ताई, मशीन बंद केलं की सगळं जातं. रोज संध्याकाळी बंद करता ना? मग काल सकाळचं सुद्धा नसतं त्यात.

मी मान हलवली. सांगायला तोंड कुठं होतं. काय उमटलं म्हणून विचारलं असतं तर?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज पुन्हा. अजून झोपलाय. जेवणाच्या सुट्टीत बघते.

मी खरंच जेवणाच्या सुट्टीत बघणार होते. तेच मनात होतं.

कुणीतरी माझ्यासारखंच करतंय, माझ्या आधी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सोमाची कंपनीच आज बंद, म्हणून कस्तू घरीच होती. मी मोकळ्या मनानं आले. गाणं म्हणत काम करत होते. गाडी घाईत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एकदाच उचललं, कोऱ्यात न बघता गटात टाकलं.

माझ्या नावाखाली आलं:

राकेशभाऊ दार उघडा. आत माझं बाळ आहे.

राकेशभाऊ हॉलमधून पळत आले. त्यांचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं, पांढरंफटक. शटर अर्धं उघडंच होतं, तरी त्यांनी धाडकन पार वर ढकललं आन खोकी ओढून ओढून फेकली. आत कुणी नाय. नुसती माझी जुनी साडी. ती त्यांनी हातात धरली आन माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, ती फरशी पुसायची. ते म्हणले, असली थट्टा परत केली तर हाकलून देईन. साडी मात्र त्यांच्या हातातून सुटेना.

सगळ्या बाया टेबलाकडं वळल्या. नवसाबाईनं पण एक सुद्धा टोमणा मारला नाय.

मग तिनंच मला पाण्याच्या टाकीमागं नेलं आन सांगितलं. मागच्या हंगामात या खुर्चीवर संध्या नावाची पोरगी होती. तिचा लहान मुलगा होता, तो लपवून आणायची, कुणाला ठाऊक नव्हतं. एक दिवस झुरळांसाठी खोक्यांच्या खोलीत औषधाचा धूर सोडायचा होता. खोली रिकामी हाय का, असं राकेशभाऊंनी गटात विचारलं. संध्याच्या नावानं निरोप आला, रिकामी आहे, कुलूप लावा.

मी विचारलं, मग? नवसाबाई म्हणली, मग काय, पोरगं आतच गेलं. स्वतःच्या हातानं लिहिलं ग तिनं. तीच हॉलमध्ये येऊन आम्हाला तोंडानं पण तेच सांगून गेली, दोनदा, तीनदा. आम्ही हसलो, म्हणलो हिला झालंय काय. असली कसली आई? पोलिसांनी विचारलं तरी तेच म्हणायची. आता कुठं असते कुणाला ठाऊक.

ती थुंकली. मी पण मान हलवली. हो, असली कसली आई, असं मी पण म्हणले.

मोठ्यानं म्हणले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात. संध्यानं दार उघडा म्हणून लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं! ते उचललं गेलं पण चिकटलं नाय, त्याच्या जागी रोजचंच जुनं चिकटलं. आन तिचं जे आत अडकून राहिलं ते काल बाहेर पडलं. वर्षानं. माझ्या नावाखाली.

हे राकेशभाऊंना सांगायला पाहिजे. पण सांगितलं तर विचारतील, तुला हे कसं सुचलं. साडी कुणाची.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सोमाला म्हणले नोकरी सोडते. तो नुसता भिंतीला टेकून बसला. मग म्हणला, शेजारीण इतकं जीव लावून सांभाळते, तुला काय त्रास हाय?

आज कस्तूला माझ्याच टेबलाखाली ठेवलं, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, वरून पोतं. त्या खोलीत नाय ठेवणार. कधीच नाय. पायाला तिचा श्वास लागतो. अर्धंच झाकण पाजलं.

अर्धंच, असं लिहिताना बरं वाटलं. मग त्याची पण लाज वाटली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

आता रोज येतं. कोऱ्यात. कुलूप कोणी लावलं. भाऊ ऐका. मी तसं म्हणत नाही. मी तसं म्हणत नाही. मी तसं

मी वाचते आन पुसते. एकदा मीच लिहिलं, संध्याताई तू हाय का? उचललं, चिकटवलं.

उमटलं, खोली रिकामी आहे. कुलूप लावा.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

उद्या परदेशी मालवाले तपासायला येणार. राकेशभाऊंनी गटात टाकलं, टेबलाखाली, कपाटामागं काही दिसता कामा नये, माझ्या खोलीत पण. खोक्यांच्या खोलीत औषधाचा धूर परवा, पाहुणे गेल्यावर.

परवा. म्हणजे उद्या ती खोली मोकळीच.

फक्त पाहुणे माझ्या खोलीतून जाईपर्यंत. तेवढंच. नंतर लगेच काढीन.

सोमाला निरोप टाकून विचारलं, उद्या एक दिवस राहशील का घरी? म्हणला, ठेकेदारानं आजच दोघांना काढलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळ

आणली. खोकत होती. एक झाकण पाजलं. थोडं वर आणखी. लाल फ्रॉक घातलाय. माझा कान धरूनच झोपली.

डाव्या कोपऱ्यात, खालच्या खोक्यांमागं.

नंतर

पाहुणे आले. माझ्या खोलीत बघून गेले. एक बाई माझ्याकडं बघून हसली, मी पण हसले.

तेवढ्यात गटात राकेशभाऊंचं. धूरवाले चुकून आजच आलेत. जेवणानंतर सोडू म्हणतात. मोहिनी, खोली रिकामी हाय का कळव.

मी लिहिलं, आज नको भाऊ, उद्याच करा, खोकी मोजायची हायेत. उचललं. एकदा का दोनदा — हॉलमधून हाक आली, पेट्यांच्या टॅगचा गठ्ठा घेऊन लवकर ये, पाहुणे थांबलेत — चिकटवलं, पाठवलं, पळाले.

कोऱ्यात बघितलं नाय.

कोऱ्यात बघितलं नाय.

आले तर शटर खाली. कुलूप. कडेनं चिकटपट्टी, सगळीकडून. स्क्रीनवर माझ्या नावाखाली —

लिहिणार नाय ते.

नंतर

पुन्हा लिहिलं. राकेशभाऊ दार उघडा, आत माझी कस्तू हाय. दोनदा उचललं. चारदा उचललं. पाठवलं. तेच गेलं. पुन्हा. तेच. गटात एकाखाली एक माझ्या नावानं तेच. तो ड्रायव्हर लिहितो, ताई, कळलं कळलं.

थेट चॅटमध्ये लिहिलं तर चौकोन. नुसते चौकोन.

मी उठून ओरडायला पाहिजे. मला ठाऊक हाय. पाहुण्यांसमोर. सगळ्या बायांसमोर. औषध पाजून झोपवली म्हणून. असली कसली आई — मीच म्हणले होते —

बसून लिहिते हाय. मी अजून बसून लिहिते हाय. उठ ग मोहिने.

नंतर

गेले. हॉलच्या मधोमध उभी राहिले. लाज सोडली, सगळी सोडली. तोंड उघडलं आन जीव खाऊन ओरडले, माझी पोरगी आत हाय.

बाहेर आलं, खोली रिकामी आहे, कुलूप लावा.

माझा आवाज. माझ्या तोंडातून. मी पुन्हा — पुन्हा तेच. राकेशभाऊ पाहुण्यांकडं बघून हसले आन म्हणले, हो हो, लावलं, शाब्बास. मी त्यांची बाही धरून माझ्या कॉम्प्युटरकडं ओढलं, त्यांनी सोडवून घेतली. तेच. कुणी हसलं. नवसाबाई हसली नाय. तिच्या हातातली कात्री खाली पडली. ती माझ्याकडं बघत होती.

तिला मानेनं खुणावलं. शटरकडं. ती मागं सरकली. भिंतीला टेकली आन तोंडावर पदर घेतला.

शटरवर हात आपटले. धूरवाल्यानं मला ओढून बाजूला केलं, म्हणला, बाई, आता विष सोडायचंय, लांब व्हा.

आतून आवाज नाय. झोपलीय. झाकणभर आन वर थोडं. उठली असती तर रडली असती, रडली असती तर ऐकलं असतं. मीच तिचा आवाज —

नंतर

ते धूरवाले जेवतायत. डबे उघडलेत. अजून वेळ हाय.

तोंडातून ते येतं. बोटांतून अजून माझं येतंय, या पानावर. फक्त या पानावर. हे उचललं तर जाणार नाय. पण आत राहंल. संध्याचं राहिलं होतं तसं. कधीतरी पडंल बाहेर.

पुढं या खुर्चीवर जी बसंल, बाई, तुझ्या नावाखाली हे आलं तर पुसू नको. कुणी थट्टा म्हणलं तरी. डावा कोपरा. खालची खोकी. लाल फ्रॉक. कस्तू तिचं नाव. हाक मारली की उठते. औषध नसलं की लगेच उठते.

मी असली आई नाय. मी असलीच आई —

डबे धुतायत. नळाचा आवाज येतो.

नवसाबाई दारात आली. एकटी. काय लिहिते म्हणते. वाचायला येत नाय तिला. मी स्क्रीनवर बोट ठेवलं, डावा कोपरा, लाल फ्रॉक, बोटानं दाखवलं. कुशीत पोर धरतात तसे हात केले. हलवले. ती बघते. ती रडायला लागली. तिला कळलं! तिला कळलं, ती पळाली हॉलकडं, भाऊ भाऊ करत —

ऐकू येतंय. ती ओरडते. जीव खाऊन ओरडते.

नाय. नाय ग नवसाबाई. तू पण नको. तसं नको म्हणू

खोली रिकामी नाय

खोली रिकामी ना

खोली रिकामी आहे. कुलूप ला